मानेची कॉलर काढायला सांगणाऱ्या बंधूंना

मननासाठी: २ राजे २०:१-७, लूक ४:९-१२, लूक १७:११-१९



या वेळचे मनन नेहमीपेक्षा थोडे कडक आहे. ज्यांना ते लागेल त्यांनी रागावण्याआधी वर दिलेली तीन वचने उघडून वाचावीत, एवढीच विनंती.

आम्ही ग्वाल्हेरमध्ये आजाऱ्यांच्या भेटीला जाणारे काही स्वयंसेवक आहोत. लष्कर, मुरार, हजीरा अशा भागांत विखुरलेली आमची घरे. रविवारची उपासना हिंदीतून, घरातली प्रार्थना मराठीतून, अशी आमच्यापैकी बऱ्याच जणांची रीत. आमच्या मंडळीतले एक काका उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्कूटरवरून पडले. स्पीड ब्रेकर रंगवलेला नव्हता आणि संध्याकाळची वेळ होती. मानेचा दुसरा मणका मोडला. नशीब म्हणू नये, देवाची कृपा म्हणावी, की मज्जारज्जूला धक्का लागला नाही. हातपाय चालतात, बोट न् बोट हलते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न करता कडक कॉलर दिली आणि सांगितले, बारा आठवडे, रात्रंदिवस, झोपेतसुद्धा.

पाचव्या आठवड्यात कोणीतरी त्यांना एका प्रार्थनासभेला घेऊन गेले. सभा कोणाची होती ते आम्ही लिहिणार नाही. आमचे भांडण एका माणसाशी नाही, एका शिकवणीशी आहे. व्यासपीठावरून सांगण्यात आले की प्रभूने आता या भावाला बरे केले आहे, विश्वास असेल तर गळ्यातले हे बंधन काढून फेकून द्या. लोक टाळ्या वाजवू लागले. काकांचा हात पट्टीकडे गेला. शेजारी बसलेल्या काकूंनी तो हात धरला आणि म्हणाल्या, "नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही." त्यावर त्या माउलीला सगळ्यांसमोर ऐकावे लागले की घरातल्या अविश्वासामुळे आशीर्वाद अडतो.

काकू तेव्हापासून सभेला जात नाहीत. आम्ही भेटायला गेलो तर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मी खरंच देवाच्या आड आले का हो?"

नाही काकू, तुम्ही देवाच्या आड आला नाहीत. त्या सभेत जर कोणी प्रभूच्या बाजूने उभे राहिले असेल, तर तुम्ही. पुढचे सगळे लिखाण या एका उत्तराचे स्पष्टीकरण आहे.

कॉलर म्हणजे काय ते आधी समजून घ्या

टीका करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती वस्तू हातात घेऊन पाहिली असेल. मानेत सात मणके असतात. सगळ्यात वरच्यावर डोक्याचा भार टेकतो. दुसऱ्या मणक्याला वर आलेला एक खुंटा असतो, त्याच्याभोवती पहिला मणका फिरतो. आपण डावीउजवीकडे पाहतो, मान हलवून 'नाही' म्हणतो, ते बरेचसे याच जोडावर. मोठ्या माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे असते. एवढे वजन दिवसभर पेलणारा आणि फिरवणारा हा जोड, आणि त्याच्या मधोमध नळीतून जाणारा मज्जारज्जू. त्या रज्जूवरून हातापायांना हुकूम जातात. श्वासाचा मुख्य स्नायू ज्या नसांवर चालतो त्या मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघतात. म्हणून मानेच्या वरच्या भागात मोडलेले हाड सरकले तर माणूस लुळा पडू शकतो, किंवा श्वासच थांबू शकतो. मनगटाचे हाड सरकले तर हात वाकडा राहील. इथे सरकले तर पुन्हा कोणती सभा पाहायची नाही.

कडक कॉलर दोन भागांची असते. पुढचा भाग हनुवटीखाली, मागचा डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली, आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या. दुकानात मिळणारा स्पंजचा मऊ पट्टा वेगळा. तो मान दुखते त्याची आठवण देतो, मोडलेला मणका धरून ठेवत नाही. कडक कॉलरसुद्धा मान पूर्ण जखडत नाही, हालचाल बरीच कमी करते. म्हणूनच कोणाला कॉलर पुरेल, कोणाला शस्त्रक्रिया लागेल, कोणाला कवटीला खिळे लावून बसवतात ती हेलो नावाची चौकट लागेल, हे डॉक्टर चित्रे पाहून ठरवतात. ज्याने चित्रे पाहिलीच नाहीत, त्याने व्यासपीठावरून ठरवू नये.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे. कॉलर हाड जोडत नाही. डॉक्टरही हाड जोडत नाहीत. मोडल्या जागी आधी रक्त साकळते, मग त्यात मऊ जोड तयार होतो, काही आठवड्यांनी तो टणक होतो, आणि पुढे कित्येक महिने ते हाड आपला आकार घडवत राहते. हे काम आईच्या उदरात ज्याने आपली हाडे घडवली त्याने शरीरात घालून दिलेले आहे. माणसाच्या हातात एवढेच आहे की ते काम चालू असताना ती जागा हलू द्यायची नाही. सोळाव्या शतकातले फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआज पारे यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे की पट्टी त्यांनी बांधली, बरे मात्र देवाने केले. अनेक लढायांतले जखमी हाताळून ते या निष्कर्षाला आले होते. आमच्या काकांच्या गळ्यातली कॉलर म्हणजे देव काम करीत असताना मध्ये न हलण्याचे आज्ञापालन आहे. तिला अविश्वास म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावे की बारा आठवडे त्या मणक्यात काम कोण करत होते.

पवित्र शास्त्र काय सांगते

हिज्कीया राजाकडे पाहा. तो मरणाला टेकला होता. त्याने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली. यशया अंगणाच्या मध्यापर्यंतही पोचला नव्हता, तोच देवाचे वचन आले: प्रार्थना ऐकली आहे, बरे करीन, तिसऱ्या दिवशी मंदिरात जाशील, आयुष्यात पंधरा वर्षे वाढवीन. एवढे स्पष्ट अभिवचन आपल्यापैकी कोणालाही मिळालेले नाही. आणि त्यानंतर यशयाने काय करायला सांगितले? अंजिरांचा लेप आणून गळवावर लावा. अभिवचन देणारा तोच संदेष्टा आणि लेप सांगणाराही तोच. त्याने राजाला असे म्हटले नाही की लेप लावलास तर तुझा विश्वास कमी. राजवाड्यात कोणी उठून तो लेप पुसून टाकला असता, तर यशया त्याला विश्वासवीर म्हणाला असता काय?

काही जण म्हणतील, प्रभूने पक्षाघात झालेल्याला बाज उचलायला सांगितले, वाळलेल्या हाताच्या माणसाला हात लांब करायला सांगितले. विश्वासाने कृती केली म्हणूनच बरे झाले. हा मुद्दा खरा आहे, आणि आम्ही तो टाळत नाही. पण नीट पाहा. ती आज्ञा स्वतः प्रभूने दिली होती, त्याच्या नावाने बोलणाऱ्या आमच्यासारख्या चुकणाऱ्या माणसाने नाही. शिवाय वाळलेला हात लांब करून पाहण्यात त्या माणसाचे काही जाणार नव्हते. बरा झाला नसता तर होता तसाच घरी गेला असता. मोडलेल्या मानेचे तसे नाही. तिथे सांगणाऱ्याचा अंदाज चुकला तर किंमत ऐकणारा मोजतो. सांगणारा पुढच्या गावी, पुढच्या सभेला गेलेला असतो. घरी खाटेशी उरतात त्या काकू.

आता दहा कुष्ठरोग्यांकडे या. प्रभूने त्यांना सांगितले की जाऊन याजकांना दाखवा. याजकाचे काम काय होते ते लेवीय १३ आणि १४ मध्ये आहे. डाग पाहायचा, शंका असेल तर सात दिवस वेगळे ठेवायचे, पुन्हा पाहायचे, गरज पडली तर आणखी सात दिवस. बरा झाला असे वाटल्यावरही लगेच तंबूत प्रवेश नाही, पुन्हा सात दिवसांची वाट. देवाच्या पुत्राने केलेले बरेपणसुद्धा तपासणीसाठी पाठवले गेले. मग आमच्या सभेतले बरेपण एक्स-रेला इतके का घाबरते? काकांचा मणका त्या संध्याकाळी खरोखर जुळला असेल, तर दुसऱ्या दिवशी चित्रातही तो जुळलेलाच दिसेल. एक रात्र कॉलर राहिल्याने देवाचा गौरव कमी होणार नव्हता. डॉक्टरांनी चित्र पाहून स्वतः कॉलर काढली असती, तर ती साक्ष दहापट मोठी झाली असती. ही साधी वाट मोकळी असताना जो माणूस तपासणीआधीच कॉलर काढायला लावतो, त्याला घाई कशाची आहे हे ऐकणाऱ्यांनी विचारायला हवे.

आणि शेवटी मंदिराचा कडा. लूक ४ मध्ये सैतान प्रभूला कड्यावर उभे करून म्हणाला की खाली उडी टाक. त्यासाठी त्याने स्तोत्र ९१ चा आधार दिला, म्हणजे शास्त्रवचनच वापरले. देवदूत तुला झेलतील, तुझ्या पायाला दगडही लागणार नाही. प्रभूचा पित्यावर विश्वास नव्हता काय? होता, आणि म्हणूनच त्याने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असे अनुवादातले वचन त्याने पुढे ठेवले. कड्यावरची उडी आणि पाचव्या आठवड्यात टाळ्यांच्या गजरात काढलेली कॉलर यांत आम्हाला तरी फरक दिसत नाही. दोन्हीकडे वचन तोंडात आहे, खाली गर्दी आहे, आणि मान पणाला लागली आहे.

'देवाने शिक्षा केली' म्हणणारे

दुसरा एक आवाज याहून हळू आहे, पण जास्त खोल जातो. "काकांनी मागच्या वर्षी मंडळीत वाद घातला होता, त्याचंच हे." एका भेटीत कोणीतरी एलीचे नाव घेतले. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात म्हातारा एली बातमी ऐकून आसनावरून मागे पडला, त्याची मान मोडली आणि तो मेला. तो अठ्ठ्याण्णव वर्षांचा होता.

एलीच्या घराण्यावर न्याय आला हे खरे. पण तो न्याय देवाने आधी देवाच्या माणसाकडून आणि मग बाळ शमुवेलाकडून, नाव घेऊन, कारण देऊन कळवला होता. तुमच्याकडे काकांविषयी असा संदेश आला आहे काय? नसेल तर तुम्ही संदेष्टे नाही, शेजारी आहात. शेजाऱ्याचे काम वेगळे असते. शास्त्राने तर एलीच्या मृत्यूतही शरीराची बाजू सोडली नाही: तो वृद्ध होता आणि अंगाने जड होता, असे तिथेच नोंदले आहे. म्हाताऱ्या माणसाची मान साध्या पडण्यानेही मोडू शकते, हे आजचे डॉक्टर सांगतात. घरात आजीआजोबा घसरून पडले आणि नंतर मान दुखते म्हणाले, तर 'लचकली असेल' म्हणून बाम चोळू नका, एक्स-रे काढा.

आणि ज्यांना कारणेच शोधायची आहेत त्यांनी लूक १३ वाचावा. शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर कोसळला. ते इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होते काय, असे विचारून प्रभूने स्वतःच नाही म्हटले. डिसेंबर २०१८ मध्ये आमच्याच ग्वाल्हेर धर्मप्रांताचे बिशप थॉमस थेन्नाट रस्ता अपघातात गेले. तेव्हा कोणी म्हटले का की ही शिक्षा होती? बिशपांसाठी अश्रू आणि काकांसाठी हिशेब, असा भेद प्रभूच्या मेजावर चालत नाही. रस्त्यावरचा न रंगवलेला स्पीड ब्रेकर आधी नगरपालिकेच्या खात्यात मांडा, मग देवाच्या.

रस्त्यावर पडलेला माणूस

शोमरोन्याचा दाखला आपण दर वर्षी ऐकतो. त्याने जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस ओतला, जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, दोन दिनार दिले आणि पुन्हा येऊन उरलेला खर्च देण्याचे कबूल केले. त्याने केले ते सगळे उपचार आणि खर्च आहे. तो काय बोलला यापेक्षा त्याने काय केले याची यादी प्रभूने लांब दिली.

आपल्या देशाच्या कायद्यातही हे नाव आले आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ घालण्यात आले. त्यात मदत करणाऱ्याला गुड समॅरिटन, म्हणजे चांगला शोमरोनी असेच म्हटले आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याची सक्ती नाही. प्रभूचा दाखला संसदेच्या कायद्यात गेला आणि आपण अजून 'पोलिसांचे लफडे नको' म्हणून पुढे निघून जातो. याजक आणि लेवीसुद्धा असेच निघून गेले होते.

थांबा, पण शहाणपणाने थांबा. स्कूटरवरून किंवा उंचावरून पडलेल्या माणसाची मान मोडली असू शकते असेच धरून चाला. त्याला बगलेत धरून उभे करू नका, दोघांच्या मध्ये स्कूटरवर बसवून नेऊ नका, पाणी पाजायला मान उचलू नका. डोके दोन्ही हातांनी आहे तसेच स्थिर धरा, त्याला हलू नको म्हणून सांगत राहा आणि १०८ ला फोन करा. गाडीच पेटली किंवा श्वास घेता येत नसेल तरच हलवा, तेही डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून. हेल्मेट ओढून काढू नका.

आणि बरे होण्याच्या काळात 'मान मोकळी करून देणारे' दूर ठेवा. कटिंग झाल्यावर डोके धरून कट्कन मान मोडणारे सलूनवाले, हाडे बसवणारे पैलवान, तेल चोळून 'नस' सोडवणारे, यांच्यापैकी कोणाचाही हात मोडलेल्या मानेला लागता कामा नये. प्रार्थनेच्या नावाने डोके धरून झटका देणाऱ्यांचाही नाही. हात ठेवून प्रार्थना करायची असेल तर खांद्यावर किंवा हातावर ठेवा. डोके सोडा.

बरे न झालेल्यांचे काय?

ही शिकवण सगळ्यात जास्त कोणाला मारते? जे बरे होत नाहीत त्यांना. म्हणून दोन बहिणींची नावे सांगतो.

केरळात जन्मलेल्या डॉ. मेरी वर्गीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तरुण डॉक्टर होत्या. १९५४ मध्ये गाडीच्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि दोन्ही पाय कायमचे गेले. त्या पुन्हा कधी चालल्या नाहीत. पण डॉ. पॉल ब्रँड यांच्याबरोबर त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. मग परदेशात पुनर्वसनाचे शिक्षण घेऊन परत आल्या आणि वेल्लोरला अपंगांच्या पुनर्वसनाचा विभाग उभा केला. तिथली पुनर्वसन संस्था १९६६ मध्ये सुरू झाली. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. किती पक्षाघाती माणसे त्यांच्या हातून पुन्हा बसायला, जेवायला, कमवायला शिकली असतील! त्यांचे पाय बरे झाले नाहीत म्हणून त्यांचा विश्वास कमी होता, असे म्हणण्याचे धैर्य कोणाला आहे?

अमेरिकेतल्या जोनी एरिक्सन टाडा सतरा वर्षांच्या असताना, १९६७ मध्ये, उथळ पाण्यात सूर मारून मान मोडून बसल्या. मानेखाली शरीर लुळे पडले. त्याही एका मोठ्या आरोग्यसभेला गेल्या होत्या आणि गेल्या तशाच परत आल्या. पुढे त्या तोंडात ब्रश धरून चित्रे काढायला शिकल्या, आणि १९७९ मध्ये त्यांनी सुरू केलेले काम आज जगभर अपंगांपर्यंत पोचते. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढण्याची तीनदा विनंती केली, तो काढला गेला नाही. त्याने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. ज्या प्रेषिताच्या अंगावरच्या रुमालांनी आजारी बरे होत होते, त्याच्याच पत्रांत ही वाक्ये आहेत. आणि त्याच्या प्रवासात बरोबर कोण होता? प्रिय वैद्य लूक.

आपल्या मराठी मंडळीला तर हे शिकवायची गरजच पडू नये. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. सुवार्ता आणि शस्त्रक्रिया आपल्या आजोबापणजोबांनी एकाच छपराखाली पाहिली. त्या काळच्या आपल्या माणसांनी ऑपरेशनच्या टेबलावर झोपताना प्रार्थना केली, प्रार्थना केली म्हणून टेबलावरून उठून ते गेले नाहीत.

मंडळीने काय करावे

आम्ही फक्त दुसऱ्यांवर बोट ठेवून थांबलो तर हे लिखाण अर्धे राहील. कारण कॉलर काढा म्हणणाऱ्यांचे फावते कुठे? जिथे मंडळी 'आम्ही प्रार्थनेत आहोत' एवढे म्हणून घरी जाते तिथे. थकलेल्या घराला कोणी झटपट उपाय सांगितला की ते तिकडे वळते. त्यात नवल काय?

बारा आठवडे कडक कॉलर म्हणजे काय ते काकूंना विचारा. मेमध्ये ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसवर जातो. कॉलरखाली घाम साठतो, खाज सुटते, आतला स्पंज ओला होतो. तो बदलायचा तर काकांना पाठीवर सपाट झोपवून एकाने दोन्ही हातांनी डोके स्थिर धरायचे आणि दुसऱ्याने आधी पुढचा, मग मागचा भाग काढून कातडी पुसायची, कोरडी करायची, हनुवटीखाली, जबड्याजवळ, डोक्याच्या मागे आणि गळपट्टीच्या हाडावर लाल डाग पडला का ते पाहायचे. डागाकडे दुर्लक्ष झाले तर जखम होते. दाढीही त्याच वेळी. एकटी बाई हे करू शकत नाही. दोन माणसे लागतात, रोज.

कॉलर घातलेल्या माणसाला खाली पाहता येत नाही. ताटात काय आहे दिसत नाही, पायाखालची पायरी दिसत नाही. म्हणून ताट उंच ठेवा, घास लहान द्या, नीट बसवूनच भरवा, कारण गिळायलाही त्रास होतो. पाण्यासाठी नळी द्या. वाटेतली पायपुसणी, वायर, मुलांची खेळणी उचला. दवाखान्यात न्यायचे असेल तर खड्ड्यांतून उडणाऱ्या ई-रिक्षातून नेऊ नका, मंडळीत कोणाची मोटार असेल तर ती द्या. विडी-सिगारेट ओढणारा असेल तर प्रेमाने थांबवा, धूर हाड जुळायला उशीर लावतो. हाताला मुंग्या येऊ लागल्या, हातापायांत अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, किंवा मानेचे दुखणे अचानक वाढले, तर प्रार्थनासाखळीला मेसेज टाकण्याआधी रुग्णालय गाठा.

आणि बारा आठवड्यांनी डॉक्टरांनी कॉलर काढली तरी सगळे संपत नाही. मानेचे स्नायू इतके दिवस बसून सुकलेले असतात, डोके जड वाटते, भीती वाटते. हळूहळू, व्यायाम शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली ताकद परत येते. मान पूर्वीइतकी वळेलच असे नाही. त्या काळातही माणूस लागतो.

म्हणून आम्ही आमच्या मंडळीपुढे चार ठराव ठेवत आहोत, आणि वाचणाऱ्या प्रत्येक मंडळीने आपल्या समितीपुढे ते ठेवावेत अशी विनंती करतो.

पहिला: आमच्या कोणत्याही सभेत, आमच्या किंवा पाहुण्या वक्त्याने, कोणालाही कॉलर, प्लास्टर, कुबडी किंवा औषध सोडायला सांगू नये. पाहुण्याला हे आमंत्रणाबरोबरच कळवावे.

दुसरा: मंडळीत कोणाचे हाड मोडले तर पहिल्या आठवड्यातच दोन-दोन माणसांची पाळी लागावी, कागदावर, नावानिशी. मार्क २ मध्ये छप्पर उकलणारे चार जण होते. आपल्याकडे छप्पर उकलायचे नाही, फक्त डोके धरायचे आहे.

तिसरा: साक्षीच्या वेळेत एका दिवसात बरे झालेल्यांबरोबर बारा आठवड्यांत बरे झालेल्यांना, आणि बरे न झालेल्यांनाही, उभे राहू द्यावे. सहनशीलता हे आत्म्याचे फळ आहे. तिची साक्ष आपल्याकडे कधी ऐकू येत नाही, याची लाज वाटली पाहिजे.

चौथा: ज्या कोणाला आजाऱ्याची काळजी घेतल्याबद्दल 'अविश्वासी' म्हटले गेले, त्यांच्या घरी पाळकांनी स्वतः जावे. सभेत बोललेला शब्द सभेतच मागे घेतला जावा.

बरे करणाऱ्या देवावर आमचा विश्वास आहे. चमत्कार होतात यावरही आहे. आम्ही काकांसाठी रोज प्रार्थना करतो आणि उद्या सकाळी त्यांच्या घरी जाऊन स्पंजही बदलणार आहोत. या दोन गोष्टींत आम्हाला कुठेही भांडण दिसत नाही.

प्रार्थना: हे दयाळू प्रभू, आमच्या भावाच्या मानेत जे काम तू गुपचूप करीत आहेस ते पूर्ण कर. आमच्या बहिणीने त्या संध्याकाळी धरलेला हात तू मान्य कर आणि तिच्या मनावरचे ओझे उतरव. आमच्या जिभांना लगाम घाल, आमच्या हातांना काम दे, आणि ज्या दिवसांत काहीच घडताना दिसत नाही त्या दिवसांत थांबायला आम्हाला शिकव. येशूच्या नावाने. आमेन.